प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शकाची निवड

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचें पहिलें वर्ष वर्गांत बसून व परीक्षा देऊन पार पडतें. दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर मात्र विद्यार्थ्यापुढें असा प्रश्न उभा राहतो, कीं ज्याचें उत्तर कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहीं. प्रबंध कोणत्या विषयावर लिहावा, आणि तो कोणाच्या मार्गदर्शनाखालीं लिहावा? अभ्यासक्रम बहुधा दोनच वर्षांचा. त्यांतील प्रबंधाच्या वांट्यास येणारा काळ थोडा. विषय चुकला तर पहिले सहा महिने चांचपडण्यांत जातात व उरलेले सहा पश्चात्तापांत. खेड्यांतून आलेल्या आणि कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाच्या घराला असें एक वर्ष वायां जाणें परवडत नाहीं. म्हणून ही निवड कशी करावी, याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

विचार हवेंत राहूं नये यासाठीं एक उदाहरण घेऊं. भोर तालुक्यांतील सारोळें हें गांव पुणें-सातारा रस्त्यावर, नीरा नदीच्या कांठीं आहे. पूल ओलांडला कीं पलीकडे शिरवळ व सातारा जिल्हा. या गांवचा एखादा विद्यार्थी पुण्यास स्थापत्यशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करीत आहे अशी कल्पना करावी. ‘पूर आणि पूल’ हा आपला विषय, असें तो उत्साहानें सांगतो. विषय महत्त्वाचा आहे यांत शंका नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतील दगडी पूल पुरांत कोसळला व त्यावरील वाहनें माणसांसह वाहून गेलीं, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. परंतु ‘पूर आणि पूल’ हा प्रबंधाचा विषय नव्हे. तें एका सबंध शास्त्राचें नांव झालें. अशा विषयाला हात घालणाऱ्याची गत ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी होते.

विषय आणि प्रश्न यांत भेद आहे. ज्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह देतां येतें आणि ज्याचें उत्तर मोजमापानें ठरवितां येतें, तोच प्रबंधाचा खरा विषय. वरील विद्यार्थ्यानें एक पाऊल पुढें टाकावें. पूल पुरांत कां पडतात? पुष्कळदां पाण्याच्या धक्क्यानें नव्हे, तर खांबाच्या बुडाशीं नदीचा तळ खरवडला जाऊन पाया उघडा पडल्यामुळें. हा तळ किती खोल खरवडला जाईल, याचा अंदाज बांधण्यासाठीं आपल्या देशांत लेसी या अभियंत्याचें सूत्र वापरतात. पुलाच्या दर मीटर रुंदीमागें सेकंदास किती घनमीटर पाणी वाहतें तो आंकडा घ्यावा, त्याचा वर्ग करावा, तळाच्या गाळाच्या गुणकानें भागावें, भागाकाराचें घनमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. म्हणजे पुराच्या पातळीपासून सरासरी खोली मीटरमध्यें मिळते. खांबापाशीं ती दुप्पट धरतात. पाणी १० घनमीटर आणि गाळाचे कण सरासरी एक मिलिमीटर व्यासाचे असतील, तर गुणक १.७६ येतो, सरासरी खोली सुमारें ५ मीटर आणि खांबापाशीं सुमारें १० मीटर.

येथेंच खरा प्रश्न सांपडतो. लेसीनें १९३० च्या सुमारास आपलीं सूत्रें मांडलीं तीं मुख्यतः उत्तर हिंदुस्थानांतील गाळाच्या जमिनींतून वाहणाऱ्या कालव्यांच्या निरीक्षणावरून. सह्याद्रींतून उतरणाऱ्या नद्यांचा तळ गोट्यांचा, मुरुमाचा व कातळाचा. त्या तळाला हें सूत्र कितपत लागू पडतें? ‘गोट्यामुरुमाच्या तळांत उभ्या असलेल्या खांबापाशीं प्रत्यक्ष मोजलेली खरवड आणि सूत्रानें काढलेली खरवड यांत किती अंतर पडतें?’ हा झाला प्रबंधाचा विषय. तो लहान आहे. पण त्याचें उत्तर मिळालें तर तें पूल बांधणाऱ्यास व पुलावरून जाणाऱ्यास, दोघांसहि उपयोगी पडणारें आहे.

प्रश्न सांपडला तरी लगेच काम आरंभूं नये. त्याला तीन कसोट्या लावाव्या. पहिली कसोटी माहितीची. नदीचा विसर्ग, पावसाचे आंकडे, तळाचे नमुने हें सर्व हातीं येईल काय? पावसाची नोंद पुण्याच्या हवामान खात्याकडे मागतां येते. विसर्गासाठीं जलसंपदा खात्याकडे अर्ज करावा लागतो, आणि परवानगी येण्यास दिवस लागतात. शिवाय आंकडे मिळाले म्हणजे ते वापरण्याजोगे असतातच असें नाहीं. सारोळ्याच्या वरच्या अंगास येळवंडीवर भाटघरचें धरण आहे आणि नीरेवर पुढें नीरा-देवघरचें धरण झालें. धरणापूर्वींचे पूर आणि धरणानंतरचे पूर एकाच मालिकेंत गोंवले, तर निष्कर्ष फसवा निघणार. दुसरी कसोटी वेळेची. खरवड प्रत्यक्ष मोजावयाची तर पावसाळा हवा, आणि तो वर्षांतून एकदांच येतो. ज्याला जूनपूर्वीं साधनें जमवितां येणार नाहींत, त्यानें नदीचा नाद सोडून प्रयोगशाळेंत वाळूच्या नालींत लहान प्रतिकृतीवर काम करावें, हें बरें. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम येथेंहि लागू आहे. तिसरी कसोटी नावीन्याची. हेंच काम पूर्वीं कोणीं केलें आहे काय? आतां ‘शोधगंगा’ या संग्रहांत भारतीय विद्यापीठांचे पीएच्.डी.चे असंख्य प्रबंध घरबसल्या वाचतां येतात. मात्र पूर्वीं कोणीं केलें आहे म्हणून विषय टाकून देण्याचें कारण नाहीं. जुन्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणांत पुढें काय करावयाचें राहिलें तें बहुधा लिहिलेलें असतें. नवा विषय शोधणाऱ्यानें तेवढीं पानें आधीं वाचावीं.

विषय जवळचा असावा कीं दूरचा, असाहि प्रश्न विचारला जातो. ज्या पुण्याच्या महाविद्यालयाचा आरंभ १८५४ सालीं झाला व ज्याला २०२२ मध्यें स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेथून १८८३ सालीं अभियंता होऊन बाहेर पडलेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं खडकवासल्याच्या सांडव्यावरून वायां जाणारें पाणी पाहिलें. भिंत न वाढवितां साठा कसा वाढवावा, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस घातला. आणि १९०३ सालीं तेथें आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसले. प्रश्न जवळचा होता, उत्तर मात्र दूरवर उपयोगी पडलें.

आतां मार्गदर्शकाविषयीं. मोठें नांव पाहून मार्गदर्शक निवडणें ही सर्वांत सामान्य चूक होय. नामांकित प्राध्यापक परगांवीं व्याख्यानांत गुंतलेले असले, तर उंटावरून शेळ्या हांकल्यासारखें मार्गदर्शन होतें. त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांचे लेख वाचावे. त्यांच्या हाताखालीं काम करून गेलेल्या विद्यार्थ्यांस भेटावें. आणि एकच गोष्ट विचारावी: लिहून दिलेलें प्रकरण किती दिवसांनीं तपासून परत मिळतें? पीएच्.डी. करूं इच्छिणाऱ्यानें नियमहि पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें प्राध्यापकाला एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेतां येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधि उरला असेल त्यांना नवे विद्यार्थी घेतां येत नाहींत. म्हणून जागा आहे काय, हें आधींच विचारण्यांत संकोच धरूं नये.

प्राध्यापकांस प्रथम पत्र लिहावें, तें एका पानाचें. ताकाला जाऊन भांडें लपवूं नये. आपला प्रश्न दोन वाक्यांत, त्यासाठीं आतांपर्यंत काय वाचलें तें तीन-चार वाक्यांत, कोणती माहिती हातीं आहे व कोणती नाहीं तें स्पष्टपणें, आणि शेवटीं भेटीची वेळ मागावी. ‘आपण द्याल तो विषय घेईन’ असें लिहिणारा विद्यार्थी नम्र दिसतो, पण तो आपलें वर्ष दुसऱ्याच्या हवालीं करीत असतो. उलट, आपलाच प्रश्न शब्दशः मान्य झाला पाहिजे हा हट्टहि व्यर्थ. अनुभवी मार्गदर्शक प्रश्नाला कात्री लावतो. ती लागूं द्यावी. भेट झाल्यावर ठरलेल्या गोष्टी चार ओळींत लिहून त्यांच्याकडे पाठवाव्या, म्हणजे पुढें गैरसमजास जागा राहत नाहीं.

खरवडीसारख्या प्रश्नास महाविद्यालयाबाहेरील मदतहि लागते. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन संस्था १९१६ सालीं सुरू झाली व ती नद्याधरणांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून काम करीत आहे. तेथील एखाद्या अभियंत्यास सहमार्गदर्शक करतां येईल काय, हें मार्गदर्शकांस विचारावें.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. राजगड (पूर्वीच्या वेल्हें) तालुक्यांतील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, तेव्हां तें पुरें बांधून झालेलें नव्हतें. आणि बुडालें तें पुणें. अभियांत्रिकींत उत्तर चुकलें तर त्याची किंमत कागद भरीत नाहीं, खालच्या अंगाला राहणारा माणूस भरतो. प्रबंधासाठीं प्रश्न निवडतांना ज्याला हा माणूस दिसतो, त्याला विषय शोधत फार फिरावें लागत नाहीं, आणि तें काम पाहून त्याला वेळ देणारा मार्गदर्शकहि बहुधा भेटतो.