‘नोकरी लागणे’ आणि ‘शेती करावी लागणे’

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण महाराष्ट्राच्या खेड्यांत सर्वपरिचित आहे. परंतु ती सांगणारा बापच मुलाने नोकरीच्या परीक्षेस बसावे म्हणून पदरमोड करतो. या विसंगतीचा उलगडा ग्रामीण तरुणांच्या नित्याच्या बोलण्यातून बऱ्याच अंशी होतो.

‘नोकरी लागली’ आणि ‘शेती करावी लागली’ ही दोन वाक्ये पाहावीत. दोहोंत ‘लागणे’ हेच क्रियापद आहे. पहिल्यात ते मुख्य क्रियापद असून प्राप्तीचा अर्थ देते. दुसऱ्यात ‘करावी’ या रूपास जोडून आल्याने ते सहायक बनते व सक्ती सुचविते. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नास ‘काही नाही, घरची शेती बघतो’ असे उत्तर मिळते, तेव्हा दिवसभराचे श्रम ‘काही नाही’ या दोन शब्दांत बुडून जातात.

यावरून तरुणांना कष्टांचा कंटाळा आला, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पोलीसभरतीसाठी पहाटे धावणारा तरुण कष्टच करीत असतो. कारण अन्यत्र आहे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरांवर आले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ मधील देशव्यापी पाहणीत शेकडा सुमारे ४० शेतकऱ्यांनी पर्याय मिळाल्यास दुसरा व्यवसाय पत्करू, असे सांगितले. शेती किफायतशीर नाही, हे त्यांपैकी बहुतेकांचे कारण होते.

विवाहाच्या बोलण्यांत हीच गोष्ट अधिक उघड होते. वधूपक्षास ‘नोकरदार’ वर हवा असतो. तथापि घरी चार एकर जमीन असावी, अशीही अपेक्षा असते. म्हणजे जमिनीची प्रतिष्ठा ओसरलेली नाही. ओसरला आहे तो तिच्या उत्पन्नावरील भरवसा.

म्हणीत शेतीस ‘उत्तम’ म्हटले, ते ती दुसऱ्याच्या हुकमाखाली करावी लागत नाही म्हणून, असे मानण्यास जागा आहे. हा मानही जमीन असणाऱ्याचाच होता. शेतमजुराच्या वाट्यास तो कधी आला नाही. आज पाऊस, बाजारभाव आणि कर्ज यांच्या हुकमतीत वावरणाऱ्या धारकासही ते स्वामित्व जाणवत नाही. तेव्हा तरुणांनी म्हणीचे मूल्य टाकलेले नसून, त्याच मूल्याने ते शेतीची पारख करीत आहेत. ‘करावी लागते’ याचे ‘करायची आहे’ असे रूपांतर उपदेशाने होणार नाही; त्यासाठी शेतीच्या स्थितीतच पालट व्हावा लागेल.