बटण दाबण्याआधी निघालेला फोटो

काठीवर निवांत बसलेल्या खंड्याचा फोटो कोणीही काढील. खरी परीक्षा तो सुटतो त्या क्षणाची. मान खाली जाते, पंख उघडतात आणि निळी रेघ पाण्यात घुसते. हे डोळ्यांनी पाहून बोटापर्यंत हुकूम पोचायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात काठी रिकामी! पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कोणाचाही संग्रह उघडा, अशा रिकाम्या काठ्यांचे सुरेख, नेमक्या फोकसमधले फोटो ढिगाने सापडतील.

२०१६ मध्ये ऑलिम्पसने आपल्या ओएम-डी ई-एम१ मार्क टू या कॅमेऱ्यात यावर एक उपाय आणला, आणि तो पहिल्यांदा ऐकताना खरा वाटत नाही. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा फोटो टिपायला लागतो, पण ठेवून घेत नाही. टिपलेले फोटो तात्पुरत्या स्मृतीत फिरत राहतात. नवा आत आला की सगळ्यात जुना बाहेर पडतो. खंड्या उडाला, तुम्ही दचकून बटण पूर्ण दाबलंत, की त्या घडीला आत असलेले आधीचे १४ फोटो कार्डावर उतरतात. सेकंदाला ६० या वेगाने १४ फोटो म्हणजे पाव सेकंदाहून जरा कमी. माणसाला होणाऱ्या उशिराच्या जवळपास तेवढाच हा वेळ! तुम्ही उशीर करणार हे कॅमेऱ्याने आधीच धरून ठेवलेलं असतं. पुढे निकॉनच्या झेड ९ ला २०२२ मध्ये हीच सोय मिळाली, तीही पूर्ण एक सेकंद मागे जाणारी.

आता होमाई व्यारावाला यांचं काम आठवा. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हाती असे तो स्पीड ग्राफिक. या कॅमेऱ्यात फिल्मचा रोल नाही, फिल्मचे सुटे तुकडे. एका चौकटीत दोन तुकडे, पुढे एक आणि मागे एक. एक फोटो काढला की चौकट उलटायची, फ्लॅशचा जळालेला बल्ब बदलायचा, मग पुढचा. नेहरू पांढरं कबुतर सोडताहेत हा त्यांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. कबुतर हातातून सुटण्याचा क्षण काही खंड्याच्या सुराहून मोठा नसतो. त्या काळी तो हुकला असता तर गेलाच. मागे जाऊन आणून देणारं यंत्र नव्हतं.

म्हणजे आजचा कॅमेरा असता तर त्यांचा फोटो अधिक चांगला आला असता का? याचं सरळ उत्तर देण्याआधी आणखी एक नवलाची सोय उघडून पाहू: फोकस.

कॅमेरा आपला आपण फोकस कसा लावतो? अंदाज घेत पुढेमागे चाचपडून, असं पुष्कळांना वाटतं. काही कॅमेरे तसंही करतात, पण दुसरी रीत फार हुशारीची आहे. लेन्सच्या डाव्या अर्ध्या भागातून आलेला प्रकाश आणि उजव्या अर्ध्या भागातून आलेला प्रकाश वेगवेगळा पाहायचा. फोकस बरोबर असेल तर दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसतात. फोकस पुढे पडला असेल तर ती एका बाजूला सरकतात, मागे पडला असेल तर उलट बाजूला. किती सरकली यावरून लेन्स किती हलवायची ते कळतं, कुठल्या बाजूला सरकली यावरून कुठे हलवायची ते. एका नजरेत दोन्ही उत्तरं! १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ही रीत हौशी माणसाच्या हातातल्या एसएलआर कॅमेऱ्यात रुळवली. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डी ने त्यापुढची मजल मारली: सेन्सरवरच्या दोन कोटी पिक्सेलमधला जवळजवळ प्रत्येक पिक्सेल डावा-उजवा असा दुभंगलेला. नखभर चिपवर दोन कोटी तिरळ्या नजरा.

त्यावर चढला डोळे ओळखण्याचा थर. माणसाचे, मग कुत्र्यामांजरांचे, मग पक्ष्यांचे. डोळा कसा दिसतो याचे नियम कोणी लिहून दिलेले नाहीत. असंख्य फोटो दाखवून यंत्राला ते शिकवलं आहे. याचं मोल कळायला एक हिशेब पुरेसा आहे. ८५ मिलिमीटरची लेन्स, तोंड १.४ वर उघडं, समोरचा माणूस एक मीटरवर. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा. पापणी स्पष्ट तर कान धूसर. फोटो काढणाऱ्याने नुसता श्वास घेतला तरी फोकस डोळ्यावरून नाकावर जातो. हे हाताने सांभाळणारे लोक होते, आहेत. पण त्यांचंही सगळं लक्ष त्या एका सेंटिमीटरवर खर्च व्हायचं. आता समोरच्याशी बोलता येतं, त्याला हसवता येतं. माझ्या मते या सोयीची खरी कमाई ही आहे. नुसत्या तीक्ष्णपणाचं मला फारसं अप्रूप नाही.

हात हलल्याने फोटो बिघडू नये यासाठीची सोय अजिंठ्याच्या लेण्यात पारखावी. तिथे फ्लॅशला बंदी, आणि ती असायलाच हवी. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोरचा अंधुक प्रकाश कॅमेऱ्याला अर्धा सेकंद मागतो. हातात धरलेला कॅमेरा साधारण एक साठांश सेकंदापुढे थरथर लपवू शकत नाही. कॅमेऱ्यातला जायरोस्कोप ही थरथर मोजतो आणि सेन्सरला चुंबकाच्या ओढीने उलट दिशेला तेवढंच सरकवतो. चांगली यंत्रणा ३२ पट सवलत देते, म्हणजे एक साठांशचा झाला अर्धा सेकंद. पद्मपाणी स्थिर, म्हणून तो सुरेख येतो. मधून गेलेल्या पर्यटकाचा मात्र धुराचा लोट होतो, कारण आपला हात थांबवता येतो, दुसऱ्याचे पाय नाहीत. फोनचं रात्रीचं गणित वेगळं. तो भराभर, समजा, नऊ फोटो काढून एकावर एक रचतो. चित्र प्रत्येकात तेच, दाणेदार कचरा मात्र दर वेळी वेगळ्या जागी, त्यामुळे सरासरीत तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

एवढं सगळं पाहून थक्क व्हावं, आणि मग थंडीत भिगवणला जाऊन आलेल्यांचे फोटो पाहावेत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उठतो आणि दहा होड्यांतून दहा कॅमेरे एकदम सुटतात. सेकंदाला २० या वेगाने एका मिनिटात १२०० फोटो, म्हणजे ३६ च्या जुन्या रोलचे ३३ रोल. सगळे स्पष्ट, सगळ्यांचा प्रकाश नेमका, आणि कोणता कोणाचा ते ओळखू येणार नाही. पूर्वी बटण दाबण्याआधी निवड करावी लागे. ती आता घरी, पडद्यासमोर, कंटाळलेल्या डोळ्यांनी होते. बहुतेकांची होतच नाही.

नेहरूंच्या त्या फोटोकडे परत जायचं तर पक्ष्याचा डोळा शोधण्यावर लावलेला आजचा कॅमेरा तिथे मोठ्या उत्साहाने कबुतराचा डोळा पकडील. फोटो आहे नेहरूंच्या चेहऱ्याचा. यंत्राला डोळा सापडतो; कोणाचा महत्त्वाचा, ते सांगावं लागतं. हे सांगणं सोपं करणारी सोय माझी सगळ्यात लाडकी, आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी होते. १९९२ च्या कॅनन ईओएस ५ मध्ये बारीक अदृश्य प्रकाश फोटो काढणाऱ्याच्याच बुबुळावर पडे, आणि चौकटीत तो जिथे बघतोय तिथे फोकस लागे. चष्मेवाल्यांना ती फार त्रास देई. मग ती मागे पडली आणि २०२१ मध्ये ईओएस आर ३ मध्ये परतली. बाकीच्या सोयी समोर काय आहे ते विचारतात. ही एकटी विचारते, तुम्ही काय पाहताय?

माझा निवाडा असा. उडणारे पक्षी, खेळ, धावणारी पोरं, अंधारी लेणी यांचे फोटो नव्या सोयींनी निःसंशय चांगले होतात. काही तर त्यांच्याशिवाय निघतच नाहीत. डोंगर, वाडे, बाजार, खुर्चीत बसलेली आजी यांच्यासाठी दहा वर्षांपूर्वीची बॉडी आजही पुरते. तुमचा ओढा या दुसऱ्या यादीकडे असेल तर नव्या बॉडीचे पैसे तूर्त राखून ठेवा, एक बरी लेन्स घ्या, आणि उरलेल्यात सूर्य उगवण्याआधी पोचता येईल असे प्रवास करा.