मोकळा शनिवार शोधायचा फंडा

दर आठवड्याची मीटिंग स्क्रीनवर दिसते, मग कोडला ती सापडत का नाही?

आपल्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये जरा डोकावून पाहा. सोमवारी अकराला टीम मीटिंग, बुधवारी रिव्ह्यू, महिन्याच्या पहिल्या शनिवारी रिलीज कॉल. वर्षभराचे चौकोन कसे गच्च भरलेले! पण गंमत म्हणजे, आत डेटामध्ये सोमवारच्या मीटिंगची नोंद असते एकच. तिच्यासोबत असतो एक नियम: दर आठवड्याला, सोमवारी, अमुक तारखेपर्यंत. बाकीचे सोमवार कॅलेंडर त्या नियमावरून मांडून दाखवतं.

मला याच्याशी काय घेणंदेणं? तर माझं गाव टेंभुर्णी. सोलापूर हायवेवरचं नव्हे हं, जालना जिल्ह्यातलं, जाफ्राबाद तालुक्यातलं. पुण्याहून आधी छत्रपती संभाजीनगर गाठायचं, मग पुढचा रस्ता. एका दिवसात जाऊन यायचं काम नाही. फोनवर आईचा प्रश्न ठरलेला, ‘मग कधी येतोस?’ माझं उत्तरही ठरलेलं, ‘बघतो गं.’ ते ‘बघतो’ बंद करायचं म्हणून पुढच्या तीन महिन्यांतले मोकळे वीकेण्ड शोधणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला. असा प्रोग्रॅम एक जरी रिपीट कॉल गाळत असेल, तर आईला दिलेला शब्द आदल्या रात्री फिरवायची वेळ येणार.

गोम इथे आहे

आउटलुकच्या मॅक्रोला नुसतं ‘मार्चच्या नोंदी दे’ म्हटलं, तर तो मूळ नोंदीची तारीख बघतो. मीटिंग जानेवारीत सुरू झाली असेल, तर मार्चच्या यादीत ती नाहीच! उपाय तीन पायऱ्यांचा. आधी सुरुवातीच्या वेळेनुसार चढत्या क्रमाने सॉर्ट करा. मग ‘इन्क्लूड रिकरन्सेस’ ट्रू करा. आणि शेवटी ‘रिस्ट्रिक्ट’ वापरून तारखांची चौकट घाला. क्रम बदलू नका. शेवटची तारीखच नसलेली मीटिंग असेल, तर ‘काउंट’च्या आकड्यावर विसंबू नका, एकेक नोंद वाचत जा.

नव्या आउटलुकमध्ये मॅक्रो चालत नाहीत. तिथे मायक्रोसॉफ्ट ग्राफकडे जायचं, पण ‘इव्हेंट्स’ न मागता ‘कॅलेंडर व्ह्यू’ मागायचा. तो दोन तारखांमधली प्रत्येक मीटिंग सुटी करून देतो. गूगलकडे हेच काम ‘सिंगल इव्हेंट्स’ ट्रू केल्यावर होतं. सुरुवातीच्या वेळेनुसार क्रमही तेव्हाच लावून मिळतो.

‘एवढं कशाला, पहिल्या तारखेत सात-सात दिवस मिळवत जातो’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो. पण दिवाळीच्या आठवड्यात रद्द झालेली किंवा सोमवारची मंगळवारी सरकवलेली मीटिंग? ते अपवाद मूळ मालिकेसोबत ठेवलेले असतात. वरचे मार्ग ते धरूनच यादी देतात, सातचा पाढा नाही.

आणि संकष्टी?

कॅलेंडरचे हे नियम लिहायची सर्वमान्य पद्धत १९९८मध्ये ठरली, २००९मध्ये सुधारली. तिचा सगळा हिशोब इंग्रजी महिन्यांचा आणि वारांचा. आपल्या घरात मात्र आजोबांचं श्राद्ध तिथीनं, आईची संकष्टी चंद्रोदयानं. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळे तीच तिथी पुढच्या वर्षी साधारण ११ दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक महिना पडला की १९ दिवसांनी पुढे जाते. २०२६च्या पंचांगात ज्येष्ठ अधिक आहे. ‘दरवर्षी याच तारखेला’ हा पर्याय इथे कुचकामी.

मग सोपं करा. कालनिर्णय १९७३पासून भिंतीवर आहेच. वर्षाच्या सुरुवातीला त्यातून घरच्या तारखा काढा आणि एकेक सुटी नोंद करा. सुटी नोंद कोडला विनातक्रार सापडते.

लक्षात ठेवा

• तारखांची चौकट नेहमी द्या. अंत नसलेली मालिका चौकटीशिवाय मागू नका.

• टाइम झोन तपासा. सर्व्हर परदेशी वेळ देत असेल, तर शुक्रवारी रात्रीचा कॉल आपल्याकडे शनिवारी उजाडतो.

• यादी हाती आली की एक रिपीट मीटिंग स्क्रीनवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहा.

• मोकळा वीकेण्ड सापडला की लगेच त्यावर ‘गावी’ अशी नोंद टाका. रिकामा चौकोन दिसला की कुणीतरी तिथे मीटिंग टाकतंच!