अश्वशक्ती आणि होडी : आउटबोर्ड इंजिनाच्या निवडीविषयी एक टिपण

देवरूखहून संगमेश्वरास उतरले म्हणजे शास्त्री नदी भेटते. सोनवीचे पाणी घेऊन ती पुढे खाडीचे रूप धारण करते व जयगडजवळ समुद्रास मिळते. अशा खाडीतील लहान होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकवावयाचे, म्हणजे आउटबोर्ड, इंजिन घ्यावयाचे झाल्यास पहिला प्रश्न येतो तो 'किती घोड्यांचे?' हा. या शब्दयोजनेतच घोटाळ्याचे बीज असल्याने भाषाभ्यासकाने त्याचा परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये.

'अश्वशक्ती' हा 'हॉर्सपॉवर'वरून घडविलेला अनुवादित शब्द होय. पदार्थविज्ञानात 'बल', 'ऊर्जा' व 'शक्ती' या तीन भिन्न संज्ञा आहेत. व्यवहारात मात्र तिन्हींना आपण 'जोर' म्हणतो. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याचा वेग. अर्थात सुमारे ७३५ वॅट. शक्ती ही कार्याची त्वरा आहे, हे विसरल्यामुळेच 'दुप्पट घोडे, दुप्पट वेग' असा समज रूढ होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. पाणी कापीत जाणाऱ्या होडीचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती सुमारे आठपट लागते. शिवाय अशा होडीच्या वेगास तिच्या लांबीनेच मर्यादा घातलेली असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळास १.३४ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. १६ फुटी होडीस ती ५.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर येते. त्यापुढे वाढविलेली शक्ती बहुतांशी लाटा उठविण्यातच खर्ची पडते. सपाट बुडाची हलकी होडी मात्र पुरेशा शक्तीने पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावते. तिच्यासाठी होडी, माणसे, इंधन व सामान मिळून दर २० किलोग्रॅमांस एक अश्वशक्ती हा स्थूल आडाखा आहे. एकूण भार ४०० किलोग्रॅम असल्यास सुमारे २० अश्वशक्ती.

मग मोठेच इंजिन का घेऊ नये? कारण त्याचे वजन होडीच्या अगदी टोकाशी पडते. मागची बाजू दबते, नाळ वर उचलली जाते आणि वेग एकाएकी कमी करताच मागून येणारी लाट आत शिरू शकते. म्हणून बांधणाऱ्याने नेमून दिलेली कमाल अश्वशक्ती कदापि ओलांडू नये. उलट, इंजिन अपुरे पडल्यास संकट ओहोटीचे. उधाणाच्या दिवसांत ओढ भांगापेक्षा बरीच जास्त असते. पाच नॉटने चालणारी होडी तीन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध वस्तुतः दोनच नॉट पुढे सरकते. वारा समोरचा असेल तर तेवढेही नाही. तेव्हा हिशेब संथ पाण्याचा न करता परतीच्या वाटेवरील सर्वांत प्रतिकूल पाण्याचा करावा.

शेवटी पंख्याचा विचार. पूर्ण भारासह इंजिन पूर्ण उघडले असता निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्या गाठता आल्या पाहिजेत. त्या न गाठल्यास आधी कमी पिचाचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा लावून पाहावा. तसेच इंजिनाच्या दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळावी. १५ व २० इंच ही त्याची प्रचलित मापे होत.

सारांश, 'किती घोड्यांचे?' या प्रश्नापूर्वी 'कोणत्या बुडाची होडी, किती भार आणि कोणते पाणी?' हे विचारले पाहिजे. संज्ञेचा अर्थ नेमका कळणे ही येथे केवळ कोशाची बाब नसून होडीतील माणसांच्या सुरक्षिततेची बाब आहे.