पाटाच्या भरावावरून सायकल

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात सायकल चालवावी कमी आणि ढकलावीच जास्त लागते. राजवाडी होळीमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झालं. पहाटे पेटणाऱ्या त्या होळीसाठी सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून माणसं डोंगर तुडवत येतात, आणि इथे चालणं हाच प्रवासाचा मूळ प्रकार का आहे ते तेव्हा कळतं. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. तळोदा-शहाद्याच्या काळ्या सपाटीवर ती सायकल मुलीला शाळेत नेते, आणि डोंगरात मुलगी सायकलला नेते. फरक आहे तो फक्त उताराचा.

म्हणूनच हॉलंडमधल्या कालव्यांकाठच्या सायकलवाटांची वर्णनं वाचताना आम्हा नंदुरबारकडच्यांना हेवा वाटतो तो ट्यूलिपचा नव्हे, सपाटीचा. शिवाय त्या वाटांवर मोटार नाही. असं काही आपल्याकडे असेल तर ते कुठे, या प्रश्नाचं उत्तर मला पर्यटन खात्याच्या नकाशात नाही, पाटबंधारे खात्याच्या नकाशात सापडलं.

कालवा धावतो समोच्च रेषा धरून. पाणी आपल्या वजनाने पुढे सरकावं, पण काठ खरवडण्याइतका वेग त्याला येऊ नये, म्हणून मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरला ढोबळमानाने वीतभर ठेवतात. टेकडी आली की कालवा तिला वळसा घालतो, ओढा आला की त्याच्यावरून किंवा खालून जातो. त्याच्या भरावावरचा रस्ता पाण्याबरोबर चालतो, म्हणजे तोही वीतभर उताराचा. दख्खनसारख्या उंचसखल मुलखात शेकडो किलोमीटरची अशी सपाट वाट एरवी फक्त रेल्वेने आखली, आणि तिथे सायकल नेता येत नाही.

युरोपात कालव्याकाठची वाट घोड्यांसाठी झाली. फ्रान्समधला कनाल दु मिदी १६८१ साली पुरा झाला तेव्हा काठावरून चालणारे घोडे दोराने नावा ओढत. नावांना इंजिन आलं, घोडे गेले, वाट उरली आणि सायकलवाल्यांनी ती घेतली. महाराष्ट्रातल्या सिंचनाच्या कालव्यांत नावा सहसा चालल्या नाहीत. इथला भरावावरचा रस्ता देखरेखीचा. आधी घोड्यावरून, मग जीपमधून साहेब जायचा, आणि रोज जायचा तो पाणी सोडणारा पाटकरी. पाटकऱ्याचं वाहन पुष्कळ वर्षं सायकलच होतं. तेव्हा कालव्याकाठी सायकल चालवणं ही काही परदेशी कल्पना नव्हे.

या वाटांतली माझी आवडती निफाड तालुक्यातली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरला इंग्रजांनी १९०७च्या सुमारास बंधारा घालायला घेतला. १८७६-७७च्या दुष्काळाने दख्खन हादरलं होतं, आणि १९०१-०३च्या सिंचन आयोगाने दुष्काळी पट्ट्यासाठी संरक्षक कालवे सुचवले होते. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांनी गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा निघाला. वर दारणा धरण १९१६ साली झालं, पुढे गंगापूर धरण आलं, आणि तिथलं पाणी नदीतून या बंधाऱ्यापर्यंत येऊन कालव्यांत वळू लागलं. येवला, कोपरगाव, राहाता हा जिरायती मुलूख त्या पाण्याने ऊस-गुळाचा झाला. नंतर जलद कालव्याने पाणी मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडेही गेलं.

बंधाऱ्यामागे मात्र अभियंत्यांच्या मनात नसलेलं घडलं. नद्यांनी आणलेला गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं उठली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. साठवणीच्या हिशेबात हे नुकसानच. पण उथळ पाणी, चिखल आणि गवत एवढंच ज्यांना हवं असतं त्यांच्यासाठी आयतं घर तयार झालं. कालव्याचं आवर्तन सुटलं की जलाशयाची पातळी उतरते, ओला चिखल उघडा पडतो आणि लांब चोचीचे पक्षी तिथे उतरतात. सिंचनाची पाळी इथे पाखरांचीही पाळी ठरते. १९८६ साली हे अभयारण्य झालं. सलीम अलींनी त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं नाशिककर अभिमानाने सांगतात. २०१९च्या तारखेने रामसर यादीत नाव लागलं आणि २०२०च्या जानेवारीत ते जाहीर झालं. १४३७ हेक्टरांचं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतरची.

डिसेंबरात इथे येताना स्वेटर हवाच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं निफाडचं किमान तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रांची ठरलेली बातमी असते. सकाळी पाण्यावर धुकं असतं, आणि चक्रवाकाचा आवाज येतो तो दिसण्याआधी. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ही काठावरची गावं. तिथून मनोऱ्यांवरून आणि बांधांवरून थापट्या, तलवार बदकं, चमचे, शराटी, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. वरून एखादा भोवत्या गेला की सगळा थवा एकदम उठतो. मोटारीने आलेली मंडळी मनोऱ्याजवळ उतरतात, फोटो काढतात आणि जातात. सायकलवाल्याला मधली शेतं, मोऱ्या आणि डबकीही मिळतात, आणि निम्मे पक्षी तिथेच असतात. सायकलला पाखरं फारशी बुजत नाहीत. बुजतात ती थांबून उतरणाऱ्या माणसाला, तेव्हा एक पाय टेकवून खोगिरावरूनच बघावं.

बंधाऱ्याच्या खाली कालव्याचा भराव लागतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला दोन पुरुष खाली द्राक्षबागा, कांदा, ऊस. ही उंची मिळते हेही या वाटेचं भाग्य, कारण सपाट मुलखात एरवी उसापलीकडचं काही दिसत नाही. मधूनमधून गेट, चारी, पोटचारी. काठाला बाभळी, करंज, जांभळं. बाभळीची सावली घ्यायची तर बाभळीचा काटाही घ्यावा लागतो. जास्तीची ट्यूब, पंप आणि ठिगळं न घेता इथे येणाऱ्याने आल्या वाटेने सायकल हातात धरून जायची तयारी ठेवावी.

मोटारमुक्त हा शब्द थोडा बेतानेच वापरतो. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर भरावावर चढतात, आणि मोटरसायकल तर बाराही महिने. रस्ता खात्याचा आहे, भरावावरून वाहनं-जनावरं नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून दहा-वीस जणांनी जायचं तर आधी शाखा कार्यालयात विचारून घ्यावं. आवर्तन चालू असताना कालव्यात पाय धुवायलाही उतरू नये. काठ तिरके आणि शेवाळलेले, पाणी दिसतं संथ पण ओढ मोठी. पावसाळ्यात काळ्या मातीचा भराव चाकाला असा चिकटतो की चाक फिरायचं थांबतं. कार्तिक ते माघ हा खरा मोसम.

निफाडपुरतंच हे नाही. पुण्याजवळ खडकवासल्याचं धरण १८७९चं. विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारं १९०३ साली तिथे बसवली. तिथून निघणारा मुठेचा उजवा कालवा शहरातून हडपसरकडे आणि पुढे थेट इंदापूरपर्यंत जातो. नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमाराचा, बारामतीकडे जाणारा. प्रवरेचे कालवे भंडारदऱ्याच्या पाण्यावरचे, ज्यांच्या काठी लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या सगळ्यांच्या कडेने भराव आहे आणि भरावावर वाट आहे. आमच्या खानदेशात पांझरेवर तर इंग्रजांच्याही आधीची फड पद्धत. नदीवर छोटे बंधारे, त्यांतून निघालेले पाट, पाण्याची राखण करणारे गावचे पाटकरी आणि जागले. त्या पाटांच्या कडेची वाट अरुंद, एका माणसापुरती, पण शेताशेतांतून जाते.

कालव्याच्या मुलखाची दुसरी बाजू सायकलवरूनच नीट दिसते. नीरा, गोदावरी, प्रवरा या तिन्ही पट्ट्यांत पाण्याच्या अतिरेकाने जमिनी चिबडल्या, खारावल्या. पांढरा थर आलेलं, लव्हाळ्याने भरलेलं शेत मोटारीतून पडीक वाटतं. भरावावरून जाताना त्याच्याशेजारी झिरपणारा कालवाही दिसतो, आणि दोन्हींचा संबंध कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या वाटा प्रवाशाला दाखवायच्या कशा याचा नमुना बेल्जियममध्ये आहे. तिथल्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. ती ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याची, खाणीतल्या बोगद्यांच्या क्रमांकांवरून सुचलेली. नंतर हॉलंडने ती उचलली. प्रवासी नकाशा उलगडत बसत नाही, नुसते आकडे लक्षात ठेवतो. आपल्या कालव्यांवर किलोमीटरचे दगड आहेत, बांधकामांना साखळी क्रमांक आहेत. नव्याने आखायचं काही नाही. जिथे डांबरी रस्ता कालव्याला छेदतो तिथे मोटार अडेल पण सायकल आणि पाटकरी जातील असे दोन खांब, आणि एक फलक, एवढंच लागेल.

घाई मात्र आहे. वितरिका बंदिस्त नळांत जात आहेत. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ हाच मुठेचा उजवा कालवा फुटून वस्तीत पाणी शिरलं. खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याने पाणी नेण्याचा प्रकल्पही आला आहे. बोगद्यातून पाणी वाहू लागलं की शहराच्या पोटातून जाणारी कालव्याची रुंद, सपाट, सलग सरकारी जागा मोकळी होईल. तिच्यावर मोटारींचा रस्ता करा म्हणणारे पुष्कळ आहेत. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याला इतकी लांब, चढ नसलेली वाट पुन्हा मिळणार नाही. माझं मत मागितलं तर तिथे मोटारीला चाकभरही जागा देऊ नये.