ग्राफीन आणि चुंबकाचा शेजार

पेन्सिलीनें कागदावर रेघ ओढली म्हणजे ग्रॅफाइटाचे पदर सुटून कागदास चिकटतात. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटांत कार्बनच्या अणूंचे असे सुमारें तीस लाख पदर असतात. त्यांतील एकच पदर वेगळा केला म्हणजे तें ग्राफीन होय. मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं तो साध्या चिकटपट्टीनें सोडविला आणि २००४ सालीं ती वार्ता जगास कळविली.

तारेंतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या विद्युद्भारामुळें. परंतु इलेक्ट्रॉनाच्या ठायीं आणखी एक गुण असतो. त्यास स्पिन म्हणतात. त्यायोगें प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला लोहचुंबकच होय. त्याचें टोंक वर कीं खालीं, एवढ्या भेदावर निरोप धाडतां येतो. साध्या तारेंत दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन सारखेच असल्यामुळें हा भेद दिसत नाहीं. चुंबकांतून निघालेल्या प्रवाहांत मात्र एका प्रकारचे अधिक असतात. प्रश्न एवढाच कीं, वाटेंत न पुसतां हा निरोप किती लांब पोंचेल?

येथें ग्राफीनची थोरवी दिसते. कार्बनचा अणु हलका. म्हणून इलेक्ट्रॉनाच्या धांवण्यानें त्याचें स्पिन सहसा ढळत नाहीं. २००७ सालीं नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथें कोबाल्टच्या चुंबकांतून असे इलेक्ट्रॉन ग्राफीनमध्यें सोडले, तेव्हां खोलींतील नेहमींच्या उष्णमानांतहि निरोप दीड ते दोन मायक्रोमीटर टिकला. २०१६ सालीं जर्मनींतील आखेन येथें बोरॉन नायट्राइडाच्या आच्छादनाखालीं हेंच अंतर ३० मायक्रोमीटरपर्यंत गेलें.

परंतु जो गुण तोच दोष. जें वाटेंत कोणाचें ऐकत नाहीं, त्यास आज्ञा तरी कशी करावी? ग्राफीन स्वतः चुंबक नव्हे. त्यावर तोड निघाली ती शेजाराची. ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला तर वाण नाहीं पण गुण लागतो, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. २०२१ सालीं ग्रोनिंगेन येथेंच क्रोमियम, गंधक व ब्रोमीन यांच्या चुंबकी संयुगास दुपदरी ग्राफीन लावून ठेविलें. ग्राफीनमध्यें लोहाचा कणहि न मिसळतां त्याच्या विद्युद्वहनांत १४ टक्क्यांपर्यंत स्पिनचा पक्षपात दिसून आला.

अडचण उरते ती थंडीची. हें संयुग शून्याखालीं सुमारें १४१ अंशांच्याहि खालीं गेल्यावरच आपली चुंबकी शिस्त धरतें. घरांतील गणकयंत्रास असा शेजार परवडणारा नाहीं. उन्हाळ्यांतहि चुंबक राहील आणि ग्राफीनची स्वाभाविक निर्मळता बिघडवणार नाहीं असा शेजारी मिळणें, यावर या विद्येचें पुढील यश अवलंबून आहे.