कागदातील खनिजांचे पुंजके

वह्या-पुस्तकांचा शुभ्र कागद केवळ लाकडाच्या लगद्यापासून तयार होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लेखन-छपाईच्या कागदाच्या वजनात बहुधा १५ ते ३० टक्के वाटा कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती किंवा शंखजिरे यांसारख्या खनिजांच्या भुकटीचा असतो. या भरणद्रव्यांमुळे कागद गुळगुळीत व अपारदर्शक होतो आणि पाठीमागची अक्षरे पुढे उमटलेली दिसत नाहीत. शिवाय ही भुकटी लगद्याहून स्वस्त असते.

मग तिचे प्रमाण आणखी का वाढवू नये? अडचण कागदाच्या बळकटीची आहे. कागद टिकतो तो लगद्यातील तंतूंमध्ये जुळणाऱ्या हायड्रोजन बंधांमुळे. खनिजाचे एक-दोन मायक्रॉनचे कण तंतूंच्या मध्ये शिरले, की हे बंध जुळत नाहीत. कागद दुबळा होऊन यंत्रावर फाटतो, छपाईच्या वेळी त्याची भुकटी झडते. शिवाय इतके सूक्ष्म कण यंत्राच्या जाळीतून पाण्याबरोबर सहज निसटतात.

यावरचा उपाय म्हणजे लगद्यात मिसळण्यापूर्वीच खनिजांचे पुंजके बांधणे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली, की मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. काहीसा तसाच हा प्रकार. येथे मात्र पॉलिॲक्रिलामाइडसारख्या पॉलिमरचे लांबलचक रेणू एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत पूल बांधतात. दोन मायक्रॉनच्या कणांपासून वीस मायक्रॉनचा पुंजका झाला, तर आतील पोकळ्या वगळूनही त्यात शेकडो कण सामावतात. त्यामुळे तेवढ्याच वजनाचे खनिज तंतूंचा कितीतरी कमी पृष्ठभाग अडवते आणि उरलेल्या जागी बंध शाबूत राहतात.

खरे कौशल्य आहे ते पुंजक्यांचा आकार राखण्यात. ते फार मोठे झाले तर प्रकाश कमी विखुरला जाऊन अपारदर्शकता घटते, कागदावर ठिपकेही दिसतात. ते नाजूक राहिले, तर पंपांच्या घुसळणीत फुटून सारे श्रम वाया जातात. म्हणून पॉलिमरची निवड, मात्रा आणि ढवळण्याचा वेग यांचा मेळ काटेकोरपणे घालावा लागतो.

हा मेळ साधला, तर बळकटी न गमावता खनिजाचे प्रमाण काही टक्क्यांनी वाढवता येते. तेवढा लगदा, म्हणजेच पर्यायाने तेवढे लाकूड वाचते. खनिज तंतूंइतके पाणी धरून ठेवत नसल्याने कागद वाळवण्यासाठी लागणारी वाफही कमी खर्ची पडते.